दिव्यांग बालकाचे आरोग्य-संरक्षण : खानदेशातील वाट

खानदेशातील खेड्यात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ‘अपंग मूल’ असा शब्द निघाला की पोलिओने पाय लुळा पडलेले मूल डोळ्यांसमोर येत असे. त्या मुलाची गरज बहुधा ठरलेली असे : एखादी शस्त्रक्रिया, कॅलिपर, कुबड्या आणि शाळेपर्यंत पोचण्याची सोय. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये नोंदलेला रुग्ण हा देशातील नैसर्गिक पोलिओचा अखेरचा रुग्ण ठरला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. आज अंगणवाडीच्या ओट्यावर आईच्या कडेवर दिसणारे मूल वेगळे आहे. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडल्याने त्याचे हातपाय ताठ झालेले असतात. दीड वर्षाचे होऊनही ते बसत नाही, त्याला आकडी येते, किंवा हाकेला ओ देत नाही. या मुलाचा प्रश्न एका शस्त्रक्रियेने सुटणारा नसतो. त्याला आठवड्यातून अनेकदा व्यायामोपचार हवा, आकडीचे औषध दररोज व खंड न पडता हवे, कोणाला वाचोपचार हवा, आणि वाढत्या अंगाबरोबर वारंवार नवा बूट किंवा नवा पट्टा हवा.

हा फरक ध्यानी घेतल्यावाचून शासकीय आरोग्य-संरक्षणाचे आजचे चित्र नीट उमगणार नाही. योजना थोड्या नाहीत. परंतु त्यांतील सर्वांत मोठी योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आखलेली आहे आणि दिव्यांग बालकाचा बराचसा खर्च रुग्णालयाबाहेर होतो. त्यामुळे कोणत्या योजनेत काय मिळते, त्यासाठी कोणता कागद लागतो आणि मुख्य म्हणजे कोणता कागद लागत नाही, हे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अंगणवाडी सेविका यांना नेमके ठाऊक असणे अगत्याचे आहे.

शस्त्रक्रियेचे छत्र

गरीब कुटुंबांना मोठ्या शस्त्रक्रियांसाठी साहाय्य देणारी जीवनदायी योजना राज्यात १९९७ मध्ये सुरू झाली. तिची जागा घेणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी प्रथम आठ जिल्ह्यांत लागू करण्यात आली, त्यांत धुळे जिल्हा होता. शेजारच्या जळगावला मात्र २१ नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. त्या दिवशी ती उरलेल्या राज्यात लागू झाली. प्रति कुटुंब प्रतिवर्षी दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख रक्कम न भरता मिळू लागले. १ एप्रिल २०१७ पासून या योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले आणि १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून राबविली जाऊ लागली.

या काळात खानदेशाच्या वाट्याला एक विचित्र अडचण आली होती. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांवर लाभ सर्वत्र मिळे. परंतु पांढरी शिधापत्रिका असलेल्या शेतकऱ्याला तो फक्त शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून निवडलेल्या चौदा जिल्ह्यांतच मिळत असे. हे जिल्हे मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा येथील. त्यामुळे मलकापूर तालुक्यातील कापूस उत्पादकाच्या मुलाला जे संरक्षण होते, ते सीमेअलीकडच्या मुक्ताईनगर किंवा बोदवड तालुक्यातील त्याच परिस्थितीच्या शेतकऱ्याच्या मुलाला नव्हते. पाऊस आणि कापसाचा भाव दोन्हींकडे एकच होता. करोनाच्या साथीत ही अट तात्पुरती सैल करण्यात आली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या सुधारित योजनेत राज्यातील सर्व कुटुंबांचा समावेश होऊन संरक्षणाची मर्यादा प्रति कुटुंब प्रतिवर्षी ५ लाख रुपये करण्यात आली. शिधापत्रिकेच्या रंगावरून मुलाला परत पाठविण्याचे कारण आता उरलेले नाही. तरीही गावोगावी जुनीच माहिती सांगितली जाते, असा अनुभव आहे.

या छत्राखाली दिव्यांग बालकाला काय मिळते? हृदयातील छिद्र बुजविणे, डोक्यात साठणारे पाणी नळीवाटे वळविणे यांसारख्या शस्त्रक्रिया आणि गंभीर आजारात रुग्णालयात दाखल करून केलेले अनेक उपचार. ते अंगीकृत रुग्णालयातच घ्यावे लागतात. तेथे ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतो. कागदपत्रांची पूर्तता त्याच्यामार्फत होते. योजनेचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक १५५३८८ आहे. लहान मुलाचे नाव शिधापत्रिकेवर चढलेले नसेल, तर जन्माचा दाखला व आईवडिलांसोबतचे छायाचित्र यांच्या आधारे प्रकरण सादर करता येते. मात्र रोजचा व्यायामोपचार, बाह्यरुग्ण तपासणी, औषधांचा मासिक खर्च या गोष्टी या योजनेत बसत नाहीत.

रोजंदारीवर नसलेल्या कुटुंबांची स्थिती वेगळी असते. भुसावळच्या रेल्वे कर्मचाऱ्याचे दिव्यांग मूल रेल्वेच्या वैद्यकीय व्यवस्थेत येते. औद्योगिक वसाहतीतील विमा उतरविलेल्या कामगाराचे मूल कर्मचारी राज्य विमा योजनेत येते. शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे पूर्णपणे अवलंबून असलेल्या अपत्याला त्या कायद्यात वयाची अट नाही. रावेरच्या केळीच्या बागेत घड वाहणाऱ्या मजुराच्या मुलाला असे छत्र नाही. त्याच्यासाठी पुढील मजकूर अधिक महत्त्वाचा आहे.

उपचाराला प्रमाणपत्राची अट नाही

‘आधी अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणा, मग बघू’, हे वाक्य पालकांना अनेक ठिकाणी ऐकावे लागते. ते चुकीचे आहे आणि घातकही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात किंवा महात्मा फुले योजनेत उपचारासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागत नाही. प्रमाणपत्र हे सवलती, साधने व काही स्वतंत्र योजना यांसाठी आहे. दोन्ही कामे बरोबरीने चालावीत. पहिल्यासाठी दुसरे अडवू नये.

बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या बालकांची तपासणी हे त्याचे काम. दोन वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता व एक परिचारिका असे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा येणे अपेक्षित आहे. दुभंगलेला ओठ वा टाळू, वाकडे पाऊल, जन्मजात मोतीबिंदू, जन्मजात बहिरेपणा, हृदयदोष, विकासातील विलंब या साऱ्यांची नोंद पथकाने घ्यावयाची असते. नोंद झालेल्या बालकाला पुढे ग्रामीण अथवा उपजिल्हा रुग्णालयात व तेथून जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची रचना आहे. त्या केंद्रात बालरोगतज्ज्ञ, व्यायामोपचारतज्ज्ञ, श्रवण व वाचातज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ हे एका छताखाली असावेत, ही मूळ कल्पना आहे. सर्व जागा भरलेल्या असतात असे नाही. म्हणून तालुक्याहून निघण्यापूर्वी संबंधित तज्ज्ञाचा वार विचारून घेणे शहाणपणाचे ठरते. चोपडा ते जळगाव किंवा शिरपूर ते धुळे हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. आजारी मूल घेऊन केलेली एक फेरी वाया गेली की मजुरी बुडालेली आई दुसऱ्यांदा सहसा येत नाही.

वयाचे गणित येथे निर्णायक असते. वाकडे पाऊल जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत क्रमाने प्लास्टर घालून बहुतेक वेळा सरळ करता येते. मूल चालू लागल्यावर तेच काम अवघड होते. जन्मजात बहिऱ्या बालकासाठी केंद्र शासनाच्या साधन-साहाय्य योजनेतून कानात बसवावयाचे कॉक्लिअर यंत्र मिळू शकते. या कामाची मुख्य जबाबदारी मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थेकडे आहे. परंतु भाषा शिकण्याआधीच ऐकू न येणाऱ्या बालकासाठी पाच वर्षांपर्यंतचीच वयोमर्यादा ठेवलेली आहे. तिच्यामागे शास्त्रीय कारण आहे : बोली ऐकून शिकण्याची मेंदूची क्षमता त्या वयानंतर झपाट्याने ओसरते. ‘बापही उशिरा बोलला होता’ या घरगुती समाधानात दोन वर्षे गेली आणि प्रमाणपत्राच्या फेऱ्यांत तिसरे गेले, तर यंत्र असून नसल्यासारखे होते. जे मूल एक वर्षाचे होऊनही मोठ्या आवाजाला दचकत नाही, त्याची श्रवणचाचणी त्याच महिन्यात करून घ्यावी.

प्रमाणपत्र : मुदत, टक्केवारी आणि भाषा

१९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते आणि स्वमग्नता त्यांत नव्हती. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला व प्रकारांची संख्या २१ झाली. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल यांना त्यात स्वतंत्र स्थान मिळाले. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आवश्यक असते. याच कायद्याने कुटुंबाच्या उत्पन्नाच्या अधीन राहून, विशेषतः ग्रामीण भागात, दिव्यांगांना जवळपास मोफत आरोग्यसेवा देण्याची जबाबदारी शासन व स्थानिक स्वराज्य संस्था यांच्यावर टाकली आहे. हे वाचताना ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ या शब्दांवर पंचायत सदस्यांनी थोडे थांबावे.

अर्ज ‘स्वावलंबन’ या केंद्रीय संगणक प्रणालीवर करावयाचा असतो व तपासणीनंतर प्रमाणपत्राबरोबर विशिष्ट ओळखपत्रही मिळते. ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान पिवळे आणि त्यावर निळे, असे ओळखपत्राचे रंग आहेत. २०१७ च्या नियमांत प्रमाणपत्रासाठी एक महिन्याची मुदत होती. ऑक्टोबर २०२४ मधील दुरुस्तीने ती तीन महिने झाली. अर्जाची पोच जपून ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे.

लहान मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी पालकांना सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली अशी की, पाच वर्षांखालील मुलाला ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ असे निदान न देता ‘सर्वांगीण विकासातील विलंब’ असे तात्पुरते प्रमाणपत्र दिले जाते आणि पुढे वयाच्या पाचव्या, दहाव्या व अठराव्या वर्षी ते नव्याने घ्यावे लागते. मुदत संपल्याचे लक्षात न आल्याने चालू असलेला लाभ खंडित होतो. शाळेच्या हजेरीपटासोबत प्रमाणपत्राची अखेरची तारीख लिहून ठेवण्याचे काम शिक्षकाला अवघड नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. खानदेशातील मुलाची घरची भाषा अहिराणी असते. यावल-रावेरकडे लेवा बोली, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी किंवा भिलोरी. बुद्धिमापनाचे प्रश्न मात्र प्रमाण मराठीत विचारले जातात. ज्या मुलाने घरात ‘मुलगा’ हा शब्द ऐकलेलाच नाही, ‘आंडोर’ एवढाच ऐकला आहे, ते गप्प राहिले तर त्याचा अर्थ काय लावावा? अशा मुलाची टक्केवारी चुकीची निघण्याचा संभव दोन्ही बाजूंनी असतो. तपासणीच्या दिवशी मुलाची बोली जाणणारी अंगणवाडी सेविका अथवा आशा कार्यकर्ती सोबत असल्यास तज्ज्ञांचे कामही सोपे होते. समग्र शिक्षा अभियानातील समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक तालुक्यात असतात. शाळकरी मुलांच्या तपासणी शिबिरांच्या वेळी त्यांना हे काम आवर्जून द्यावे.

रोजच्या खर्चाचे काय?

वर सांगितलेली रुग्णालयाबाहेरची पोकळी काही अंशी भरून काढणारी एक योजना आहे, आणि तीच खेड्यापर्यंत सर्वांत कमी पोचली आहे. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ अन्वये स्थापन झालेल्या न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुदिव्यांगत्व या चार गटांसाठी आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण, विम्यापूर्वी वैद्यकीय तपासणी नाही, वयाची अट नाही. बाह्यरुग्ण उपचार, औषधे, चाचण्या, व्यायामोपचार व वाचोपचार, इतकेच नव्हे तर प्रवासखर्चही तिच्यात ठरावीक उपमर्यादांपर्यंत येतो. खाजगी विमा कंपन्या जे नाकारीत आल्या, तेच येथे केंद्रस्थानी आहे. शुल्क काही शे रुपयांच्या घरात आहे आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना ते कमी पडते.

मग अडते कोठे? नोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत करावी लागते आणि अशा संस्था बहुधा शहरांत असतात. शिवाय खर्च आधी पालकांनी करावयाचा, मूळ पावत्या जोडून मागणी करावयाची, आणि रक्कम नंतर बँक खात्यात यावयाची, अशी पद्धत आहे. हातावर पोट असलेल्या कुटुंबाला ‘आधी भरा’ ही अट जड जाते. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातील पालकाने धुळ्याच्या औषध दुकानातून पावती घ्यावी, ती भिजू न देता जपावी, विहित मुदतीत पाठवावी, ही अपेक्षा कागदावर सोपी वाटते. गावातील एखाद्या सुशिक्षित व्यक्तीने प्रत्येक अशा मुलासाठी एक पिशवी करून तीत प्रमाणपत्राची प्रत, विमा ओळखपत्र, औषधचिठ्ठ्या व पावत्या महिनावार ठेवल्या, तर निम्मे काम होते. नूतनीकरणही दर वर्षी वेळेवर करावे लागते.

साधनांच्या बाबतीत केंद्राच्या साधन-साहाय्य योजनेतील एक तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते. प्रौढ व्यक्तीला एकदा साधन मिळाले की तीन वर्षे दुसरे मिळत नाही. बारा वर्षांखालील मुलांसाठी मात्र ही अट एक वर्षाची आहे. मुलाचे पाय वाढतात, कॅलिपर वाढत नाही. ‘मागच्या शिबिरात दिले होते’ म्हणून लहान मुलाला परत पाठविले गेल्यास ही तरतूद दाखवून द्यावी. प्रवासासाठी राज्य परिवहनच्या गाडीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे. ६५ टक्के वा अधिक दिव्यांगत्व असल्यास सोबत्यालाही ५० टक्के मिळते. मार्च २०२३ पासून सर्वच महिलांना अर्धे भाडे असल्याने आईला प्रमाणपत्राची वाट पाहण्याचेही कारण नाही.

सातपुड्यातील सिकलसेल

चोपडा, यावल, रावेर व शिरपूर तालुक्यांच्या उत्तरेकडील भिल्ल व पावरा वस्त्यांत, तसेच साक्रीच्या आदिवासी भागात, सिकलसेल हा दिव्यांगत्वाचा असा प्रकार आहे की तो पाहून ओळखता येत नाही. मूल चालते, बोलते; मध्येच सांधे धरतात, डोळे पिवळे होतात, ताप येतो, आणि शाळेतील नाव गैरहजेरीमुळे मागे पडते. कायद्याने हा आजार दिव्यांगत्वात मोडत असल्याचे बहुतेक मुख्याध्यापकांच्याही गावी नसते. अशा रुग्णांना वारंवार लागणारे रक्त विनामूल्य देण्याचे धोरण आहे आणि वेदनांचे झटके कमी करणारे हायड्रॉक्सीयुरिया हे औषध शासकीय व्यवस्थेतून मिळते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणी व ओळखपत्र यांवर भर आहे. रक्ततपासणीत केवळ वाहक असलेले मूल आणि प्रत्यक्ष रुग्ण असलेले मूल यांतील फरक पालकांना समजावून सांगणे फार जरुरीचे आहे. वाहकाला औषध लागत नाही आणि प्रमाणपत्रही मिळत नाही. हा खुलासा न झाल्याने काही कुटुंबे विनाकारण घाबरतात, तर काही रुग्ण ‘वाहकच आहे’ म्हणून घरी राहतात.

ग्रामपंचायतीच्या हाती असलेले

ग्रामविकास विभागाच्या २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हा परिषद, पंचायत समिती व ग्रामपंचायत यांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. लहान गावात ही रक्कम थोडी असते. समजा, एका ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न दोन लाख रुपये आहे. तर ५ टक्के म्हणजे १० हजार. गावात पंचवीस दिव्यांग असतील आणि रक्कम सारखी वाटली, तर प्रत्येकाच्या हाती ४०० रुपये पडतात. असे वाटप करणे सोपे असते, कोणाची तक्रार येत नाही, आणि कोणाचे कामही होत नाही. त्याऐवजी चार-पाच मुलांचे ‘निरामय’चे शुल्क भरणे, किंवा जिल्हा रुग्णालयाच्या फेऱ्यांसाठी वाहन ठरविणे, असा ठराव ग्रामसभेने केला तर त्याच पैशातून लाखाचे संरक्षण उभे राहू शकते. असा ठराव मांडण्यास पुढारीपणा लागतो, हे खरे.

कागदपत्रांत बहुधा आधारकार्डावर गाडी अडते. आयुष्मान कार्ड प्रत्येक व्यक्तीचे स्वतंत्र असते व त्यासाठी मुलाचा आधार क्रमांक लागतो. पाच वर्षांखालील बालकाचे ठसे घेतले जात नाहीत. त्यानंतर ते द्यावे लागतात. ज्या मुलाच्या मुठी वळलेल्या आहेत वा ज्याची नजर स्थिर राहत नाही, त्याला केंद्रचालक ‘ठसा येत नाही’ म्हणून परत पाठवितो. नियमात अशा व्यक्तींसाठी अपवादात्मक नोंदणीची सोय आहे. ग्रामसेवकाने एकदा सोबत जाऊन ती करून घेतल्यास पुढचे अनेक अडथळे टळतात. मुलाचे नाव शिधापत्रिकेत चढले आहे काय, जन्मनोंद झाली आहे काय, हेही त्याच वेळी पाहावे.

चाळीसगाव, पारोळा, साक्री या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. काही गुजरातेत जातात. पथक अंगणवाडीत येते तेव्हा ही मुले पटावर असतात आणि प्रत्यक्षात फडावर असतात. अशा मुलांची यादी सप्टेंबरमध्येच तयार करून तपासणी आधी उरकावी. आयुष्मान कार्ड राज्याबाहेरील अंगीकृत रुग्णालयांतही चालते, म्हणून ते मूळ कागदांसोबत न ठेवता आईजवळ द्यावे. आणि ज्या मुलाला आकडीचे औषध चालू आहे, त्याला पुढील काही महिन्यांचा साठा व औषधाचे नाव लिहिलेली चिठ्ठी निघण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा जिल्हा रुग्णालयातून मिळवून द्यावी. हे औषध एकाएकी थांबले तर थांबलेली आकडी पूर्वीपेक्षा जोराने परत येते, आणि फडावरून जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे हे त्या आईला ठाऊक नसते.